सिंघम, जामिनाची सही आणि माझं तपासणी रजिस्टर



समूहावर आपण सगळे गावाच्या, शाळेच्या, तापी लाइनच्या गाडीच्या आठवणी लिहितो. मी आज सिनेमावर लिहितोय, आणि तोही मारधाडीच्या. ॲडमिनसाहेबांनी पोस्ट लगेच उडवू नये ही विनंती. शेवटपर्यंत वाचलीत तर ही पण आठवणच आहे हे लक्षात येईल.

नवीन सभासदांसाठी थोडी ओळख. वय ७३. मूळ जळगाव जिल्ह्यातला. बी.कॉम. होऊन १९७४ साली बँकेत लागलो, सुरतेला पोस्टिंग मिळालं आणि इथलाच झालो. आधी लिंबायत, आता अडाजण. ३७ वर्षं नोकरी करून जून २०११ ला निवृत्त झालो.

तर झालं असं. २ नोव्हेंबरला आपला पाडवा आणि इथलं बेसतुं वरस एकाच दिवशी होतं. दिवाळीत सुरत कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. कापड मार्केट लाभ पाचमपर्यंत बंद, हिऱ्यांचे कारागीर सौराष्ट्रात गेलेले, आपली खानदेशी मंडळी नंदुरबार-भुसावळकडे. रस्ते रिकामे. सकाळी शेजाऱ्यांना साल मुबारक करून झालं आणि चिरंजीवांनी जाहीर केलं की सगळ्यांची 'सिंघम अगेन'ची तिकिटं काढली आहेत. आदल्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, सिनेमा लागला होता. मी, आमची ही, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं असे सहा जण एका रांगेत बसलो. तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून किती झाले ते मी विचारलं नाही. सणाच्या दिवशी काही हिशेब मागू नयेत.

सिनेमा कसा होता? प्रामाणिकपणे सांगतो, कंटाळा आला असं नाही. गाड्या उडतात, हेलिकॉप्टरं येतात, दर दहा-पंधरा मिनिटांनी नवा हिरो अवतरतो. अजय देवगण आहेच. शिवाय रणवीर सिंह, अक्षय कुमार, दीपिका पदुकोण, टायगर श्रॉफ, आणि अगदी शेवटी सलमान खान. नातवाने सिंबा आल्यावर शिट्टी मारली. ही मात्र अर्ध्यात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, यात तो आपला सिंघम कुठे आहे?"

मी म्हटलं, "तो काय समोर."

"हा नव्हे हो. तो."

मला ती काय म्हणते ते कळलं. कारण पहिला 'सिंघम' आम्ही दोघांनी एकत्र पाहिला होता, आणि तो आमच्यासाठी नुसता सिनेमा नव्हता. ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. जेवणं झाल्यावर मी हट्टाने टीव्हीवर पहिला 'सिंघम' लावायला लावला. २२ जुलै २०११ चा सिनेमा. मूळ तामिळ, २०१० चा सूर्याचा 'सिंगम', त्यावरून रोहित शेट्टींनी हिंदीत केला. पण तो नुसता उचलला नाही, आपल्या मातीत रुजवला. शिवगड नावाचं गोवा-महाराष्ट्र सीमेवरचं गाव, बाजीराव सिंघम नावाचा फौजदार, संगीत अजय-अतुलचं, हवालदार अशोक सराफ, नायिकेचे वडील सचिन खेडेकर, बाजीरावचे वडील गोविंद नामदेव. निम्मी पात्रं आपल्या ओळखीची वाटतात. त्या वर्षी आमच्या गल्लीतली गुजराती पोरं मला बघून 'सटकली'वालं वाक्य म्हणायची, आणि खालच्या मजल्यावरचे काका विचारायचे, "सटकली म्हणजे नक्की काय हो?" पस्तीस-चाळीस वर्षं इथे राहून आपली मराठी दुसऱ्यांच्या तोंडी अशी हौसेने आलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

आता दोन दिवसांत पहिला आणि तिसरा असे दोन्ही पाहिल्यावर फरक काय जाणवला ते लिहितो.

लोक म्हणतात, हिरोचं वय झालं. मला तो मुद्दा पटत नाही. अजय देवगण पहिल्या वेळी ४२ वर्षांचा होता, तिसऱ्या वेळी ५५ चा. ५५ म्हणजे बँकेत माणूस ऐन उमेदीत असतो, मोठी शाखा सांभाळतो. वयाने सिनेमा पडत नाही. काही म्हणतात, हिरोच फार झाले. तेही खरं, पण मूळ दुखणं वेगळं आहे.

पहिल्या सिनेमात भांडण कशावरून सुरू होतं आठवा. एका सहीवरून! जयकांत शिक्रे, म्हणजे प्रकाश राज, गोव्यातला बडा गुंड. जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला शिवगडच्या पोलीस ठाण्यात येऊन सही करायची असते. तो स्वतः येत नाही, आपली माणसं पाठवतो. फौजदार म्हणतो, ज्याची सही त्यानेच यायचं. बस्स. एवढ्यावरून सगळं पेटतं. ज्याने आयुष्यभर काउंटरवर बसून "सही खातेदाराचीच लागेल" असं बड्या बड्या लोकांना सांगितलंय, त्याला या प्रसंगाची किंमत विचारा. मोठा माणूस आणि नियम समोरासमोर आले की कसोटी अशा क्षुल्लक कागदावरच लागते.

मग शिक्रे काय करतो? गोळी मारत नाही. बदली करवतो. सिंघमला शिवगडमधून उचलून कोलव्याला, स्वतःच्या राज्यात, आणून ठेवतो. वरचे साहेब गप्प, मंत्री शिक्रेच्या खिशात. बदली हे किती धारदार हत्यार आहे ते नोकरदार माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे पहिल्या सिनेमात हिरोचं बळ कमी आणि समोरच्याचं जास्त. म्हणून मजा.

दुसरा, 'सिंघम रिटर्न्स', १५ ऑगस्ट २०१४ चा. तोवर बाजीराव मुंबईत डीसीपी झालेला. समोर भोंदू बाबा, ते काम अमोल गुप्तेंनी छान केलंय. त्यात एक हवालदार मरतो आणि त्याच्याजवळ पैशांचं घबाड सापडतं, आणि तो चोर होता की नव्हता हा प्रश्न मागे राहतो. इथवर धागा पहिल्याचाच. पण शेवटाकडे पोलीस वर्दी उतरवून बनियनवर रस्त्यावर उतरतात, तेव्हा मला वाटलं, आता गोष्ट सोडून देखावा सुरू झाला.

आणि तिसऱ्यात तर गोष्टच देखाव्याची. सिंघमच्या बायकोला पळवून श्रीलंकेत नेतात, म्हणजे रामायण. हिरो राम, अर्जुन कपूर रावण, रणवीर हनुमान. इतकंच नाही, आपल्याला कळणार नाही म्हणून की काय, सोबत रामलीलाही दाखवत राहतात. आम्ही कॉमर्सवाले जर्नल एंट्रीखाली नॅरेशन लिहायचो, कशाबद्दलची नोंद ते कळावं म्हणून. इथे प्रत्येक प्रसंगाखाली नॅरेशन आहे, एंट्रीच कमी पडते.

रामायण घेतलं याला माझी हरकत नाही. पण रामाकडे काय होतं? राज्य गेलेलं, सैन्य नाही, वनवासी माणूस. वानरांनी एकेक दगड टाकून सेतू बांधला. इथल्या रामाकडे गृहमंत्री आहे, खास पथक आहे, हेलिकॉप्टर आहे. बदलीची भीती नाही, वरिष्ठांचा धाक नाही. सगळी सत्ता हिरोच्या बाजूने असेल तर तो लढतो कोणाशी? निकाल पहिल्या रिळातच लागलेला असतो.

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या सिनेमाने गुडविल कमावलं. दुसऱ्याने त्यातलं थोडं वापरलं. मधे 'सिंबा' आणि 'सूर्यवंशी' आले, त्यांनीही त्याच नावावर उचल केली. आणि तिसरा पूर्ण ओव्हरड्राफ्टवर चाललाय.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या 'सिंघम'ची सुरुवात सिंघमपासून होत नाही. ती होते इन्स्पेक्टर राकेश कदमपासून. सरळ माणूस. शिक्रेशी वाकडं घेतलं म्हणून त्याच्यावर लाच खाल्ल्याचा खोटा आरोप येतो आणि तो स्वतःला गोळी मारून घेतो. मागे बायको, म्हणजे सोनाली कुलकर्णी, आणि लहान मुलगा. तिला नवरा परत मिळणार नसतो. तिला एवढंच हवं असतं की माझा नवरा चोर नव्हता हे कोणीतरी जाहीरपणे म्हणावं.

भाऊबीजेच्या रात्री हे चालू असताना माझ्या नातवाने विचारलं. तेरा वर्षांचा आहे.

"आबा, त्याने पैसे घेतलेच नव्हते ना? मग तसं सांगून टाकायचं. मरायचं कशाला?"

मी गप्प बसलो. हिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगा आता. किती वर्षं झाली. पोरांना कळू द्या."

मुलाला अर्धवट माहीत होतं, सुनेला अजिबात नाही. त्या रात्री जे घरात सांगितलं तेच इथे थोडक्यात लिहितो.

सप्टेंबर १९९४. सुरतेतल्या प्लेगची आठवण आपल्यापैकी जुन्या लोकांना असेल. चार दिवसांत काही लाख माणसं शहर सोडून गेली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार गेले तसे लूम बंद पडले. सुरतेत लूमच्या शेडलाही 'खातं'च म्हणतात. ती खाती बंद पडली आणि पाठोपाठ आमच्या बँकेतली खाती थकली. मी तेव्हा कर्ज विभाग बघायचो. त्यातल्या एका थकलेल्या कर्जाबद्दल वर निनावी अर्ज गेला की अधिकाऱ्याने पैसे खाऊन कर्ज दिलं, लूम जागेवर नव्हतेच, पाहणी घरी बसून लिहिली. १९९५ मध्ये मला निलंबित केलं.

बँकेचं नाव लिहीत नाही. तिथेच मी उरलेली नोकरी केली आणि पेन्शनही तिथूनच खातो.

चौदा महिने घरी होतो. निर्वाह भत्ता म्हणजे निम्मा पगार, त्यात दोन मुलांच्या शाळा. पण पैशाचं दुःख नव्हतं, ते हिने निभावून नेलं, शिवणाचं मशीन काढलं. दुःख वेगळं होतं. भाजी घ्यायला गेलो की ओळखीचे लोक दुसऱ्या बाजूला बघायचे. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब दरवर्षी माझ्याकडे असायचा, त्या वर्षी कोणी काही न बोलता तो दुसऱ्याकडे गेला. कोणी विचारलंच नाही, मग सांगणार कोणाला? नातवाला मी हेच म्हटलं. "सांगून टाकायचं" हे बोलायला सोपं आहे बाळा, पण आधी कोणीतरी विचारावं लागतं. कदमला कोणी विचारलं नाही. त्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त होऊन आले आणि सुरत झाडून-पुसून लख्ख व्हायला लागली. मी गॅलरीत बसून बघायचो आणि मनात म्हणायचो, गाव स्वच्छ होतंय, आपलं नाव कधी होणार?

एका रात्री मी तापीच्या पुलावर बराच वेळ उभा होतो. हे आजवर हिलाच माहीत होतं. यापुढे त्यावर लिहीत नाही.

नातवाने लगेच विचारलं, "मग तुम्हाला कोणी वाचवलं? तुमच्याकडे सिंघम आला?"

नाही. माझ्याकडे रजिस्टर होतं.

पाहणीला गेलो की प्रत्येक लूमचा नंबर तिथेच उभा राहून लिहायची माझी सवय. सहकारी हसायचे, म्हणायचे, "साहेब, किती वेळ काढता!" चौकशी अधिकारी आले ते दुसऱ्या राज्यातले, रुक्ष माणूस, माझ्याशी कधी चहासुद्धा घेतला नाही. पण त्यांनी एक केलं. रजिस्टर काखेत मारून ते स्वतः त्या बंद खात्यात गेले. कुलूप उघडायला लावलं, जाळी-धूळ पुसून एकेक नंबर ताडून पाहिला. चोवीसच्या चोवीस लूम जुळले. तारीख जुळली. दोन महिन्यांनी पत्र आलं, आरोप सिद्ध झाले नाहीत, कामावर हजर व्हावे. दोन ओळींचं पत्र. ना कोणी दिलगिरी व्यक्त केली, ना कोणी कर्मचाऱ्यांसमोर वाचून दाखवलं. काही लोकांच्या मनात मी निवृत्तीपर्यंत "तो सस्पेंड झालेला" असाच राहिलो असेन.

आता पहिला 'सिंघम' पाहिला तो दिवस सांगतो. निवृत्त होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले होते. रिकामपण अंगावर येत होतं म्हणून ही मला ओढून थिएटरात घेऊन गेली. सिनेमाच्या शेवटी पोलीस सगळ्यांसमोर जाहीर करतात की इन्स्पेक्टर कदम निर्दोष होते. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी साठ वर्षांचा माणूस अंधारात रडत होतो. हिने माझा हात धरून ठेवला होता. जे मला मिळालं नव्हतं ते पडद्यावर त्या बाईला मिळालं. म्हणून आमच्या घरात "तो सिंघम" वेगळा.

पण याच ठिकाणी माझं त्या सिनेमाशी भांडण आहे, आणि ते मी तेरा वर्षं मनात करत आलोय. कदमचं नाव साफ होतं, पण कसं? त्याआधी सगळे पोलीस मिळून शिक्रेला ठाण्यात आणून गोळी घालतात आणि प्रकरण बनवून टाकतात. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'चंच नाव घेऊन सांगितलं होतं की असे सिनेमे धोकादायक संदेश देतात, कायद्याच्या रीतीला वेळ लागतो म्हणून ती बाजूला सारणाऱ्या पोलिसाला हिरो करतात. पेपरात वाचलं तेव्हा मला ते तंतोतंत पटलं. कारण आमचं खातं जर सिंघमच्या पद्धतीने चालत असतं, तर १९९५ साली मीच आरोपी होतो! अर्ज आला, लोकांची खात्री झाली, संपवा याला. मला वाचवलं ते घाई न करणाऱ्या एका रुक्ष माणसाने. चौदा महिने लागले, ते फार होते, आणि पत्र दोनच ओळींचं होतं, ते फार कमी होतं. तक्रार आहेच. तरीपण वाचवलं रीतीनेच.

तुम्ही म्हणाल, मग ज्या सिनेमाशी एवढं भांडण, तोच चांगला कसा? मंडळी, माझं म्हणणं तेच आहे. पहिल्या 'सिंघम'शी भांडता येतं. त्यात एक खरा प्रश्न आहे, सरळ माणसाचं नाव खराब झालं तर ते परत कसं मिळवायचं? त्याचं उत्तर चुकलंय, पण प्रश्न अचूक आहे. तिसऱ्यात प्रश्नच नाही. त्यात कदम नाही, त्याची बायको नाही, सहीचा कागद नाही. शेकडो गोळ्या सुटतात आणि ज्याच्यासाठी जीव तुटावा असा एकही साधा माणूस त्यात दिसत नाही. त्याच्याशी भांडणार तरी कशावरून? बाहेर आल्यावर आम्ही पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली याच्यावर बोललो.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घेता?" बरोबर आहे त्याचं. टाइमपासला माझी ना नाही, पुढचा भाग आला तर मी पुन्हा सहा जणांच्या रांगेत बसेन. पण टाइमपास तर पहिलाही होताच की. त्यातही गाड्या उडत होत्या, त्यातही हिरो दिव्याचा खांब उपटत होता. फरक एवढाच, की त्या उडणाऱ्या गाडीमागे एका विधवेचं गाऱ्हाणं होतं.

भाऊबीजेच्या रात्री सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. नातू उठून माझ्याजवळ आला आणि विचारलं, "आबा, ते रजिस्टर आहे का अजून?" मी म्हटलं, ते बँकेचं, घरी कसं येईल? पण ते दोन ओळींचं पत्र आहे. कपाटातून काढून दिलं. त्याने उभ्याने मोठ्याने वाचलं, इंग्रजीतून, सगळ्यांसमोर. सूनबाईने डोळ्यांना पदर लावला. २८ वर्षांनी का होईना, ते पत्र कोणीतरी चार माणसांत वाचलं.

आपल्या समूहात बँकेतले, एलआयसीतले, महापालिकेतले, शिक्षण खात्यातले खूप निवृत्त लोक आहेत. कोणावर असा प्रसंग आला असेल तर घरात सांगा, मुलानातवंडांना सांगा. आणि ज्यांच्या ओळखीत आज कोणी अशा चौकशीत अडकलाय, त्यांनी निदान त्याच्याकडे बघून दुसरीकडे मान वळवू नका. जाऊन विचारा, काय झालं? एवढंच पुरतं.

बाकी तिन्ही 'सिंघम' पाहिलेल्यांनी आपलं मत जरूर कळवावं. नातू म्हणतो, सिंबाबद्दल मी अन्याय केलाय. असेलही.

चूकभूल द्यावी घ्यावी. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा आणि साल मुबारक.